अक्षरे दिसण्यासाठी ‘होय’ दाबा

इंटरनेटवर मराठी वाचायचे तर एके काळी आधी ‘होय’ म्हणावे लागत असे. साधारण १९९८ ते २००५ या काळात एखाद्या मराठी वृत्तपत्राचे संकेतस्थळ पहिल्यांदा उघडले की पडद्यावर बातमीऐवजी रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांची भेळ दिसे. मजकूर मराठीच असे. पण प्रत्येक वृत्तपत्राचा फाँट वेगळा, आणि त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले. तो फाँट आपल्या संगणकावर नसला तर ‘क’च्या जागी भलतेच काही उमटणार. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ पासून जागा होती. परंतु घरोघरी असलेल्या विंडोज ९५ आणि ९८ ला ही लिपी नीट जोडून दाखवणे सहजी जमत नव्हते. विंडोज एक्सपीला ते जमे, पण त्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भारतीय भाषांची सोय चालू करावी लागे, आणि त्या वेळी विंडोजची मूळ सीडी जवळ असावी लागे. ती अनेकांकडे नसे. का नसे, ते पुढे येईलच.

यातून वाट काढणारी एक युक्ती १९९७ च्या सुमारास आली. पानाबरोबरच फाँटही पाठवायचा. नेटस्केप कंपनीच्या ब्राउझरमध्ये बिटस्ट्रीम कंपनीची एक पद्धत होती, तर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दुसरी. बिटस्ट्रीमचे फाँट एक्सप्लोररमध्ये दिसावेत म्हणून त्या कंपनीने एक छोटा जोडभागही तयार केला होता. भारतीय भाषांतल्या अनेक संकेतस्थळांनी या युक्त्या वापरल्या. असा जोडभाग लागला की पडद्यावर एक चौकट उघडे आणि अमुक कंपनीचा अमुक भाग बसवायचा का, होय की नाही, असे विचारी. ‘नाही’ म्हटले तर पुन्हा भेळ. ‘होय’ म्हटले की बातमी.

वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावी आपली भाषा पडद्यावर प्रथम पाहणाऱ्या वाचकाने ‘होय’ दाबले यात नवल नाही. आम्हीही दाबले असते. पण त्या एका शब्दाने काय आत येत होते आणि आत येऊन ते किती वर्षे राहत होते, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

परक्याच्या हाती किल्ली

सुरुवातीच्या ब्राउझरला मजकूर आणि चित्रे दाखवण्यापलीकडे फारसे काही येत नव्हते. हलती चित्रे, आवाज, प्रयोगांचे सादरीकरण ही कामे बाहेरच्यांनी करावीत अशी सोय नेटस्केपने १९९५-९६ च्या सुमारास केली. बाहेरच्या कंपनीने लिहिलेला जो कार्यक्रम ब्राउझरला जोडला जातो तो प्लग-इन. सन कंपनीची जावा भाषा १९९५ मध्ये जाहीर झाली आणि तिचे छोटे कार्यक्रम, म्हणजे ॲपलेट, पानांत दिसू लागले. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हएक्स आणले. त्याच वर्षी जोनाथन गे आणि त्याच्या सहकाऱ्यांचे फ्यूचरस्प्लॅश नावाचे चलतचित्रांचे साधन बाजारात आले. ते मॅक्रोमीडिया कंपनीने विकत घेऊन त्याचे नाव फ्लॅश ठेवले. २००५ च्या अखेरीस मॅक्रोमीडिया अडोबीकडे गेली आणि तिच्याबरोबर फ्लॅशही.

आपल्या शाळेला दर्शनी फाटक आहे आणि तेथे पहारेकरी आहे, असे समजू. प्रयोगशाळेचे काम करणाऱ्या ठेकेदाराला आपण मागच्या दाराची किल्ली दिली. काम झाले, ठेकेदार गेला, किल्ली त्याच्याकडेच राहिली. ब्राउझर हा पहारेकरी, तर प्लग-इन हे मागचे दार. ब्राउझर कितीही सावध असो, पानातली फ्लॅशची फाईल वाचण्याचे काम तो स्वतः करीत नसे, ते फ्लॅशच्या हवाली करी. आणि संगणक वापरणाऱ्याला जे करता येई ते बहुतेक सारे त्या प्लग-इनलाही करता येई. फायली वाचणे, नव्या लिहिणे, दुसरा कार्यक्रम सुरू करणे, सगळे.

ॲक्टिव्हएक्सच्या बाबतीत तर कुंपण असे नव्हतेच. सही दाखवली जाई एवढेच. हा भाग कोणाचा आहे ते सहीवरून कळे, तो धड लिहिलेला आहे का ते कळत नसे. जावाने मात्र विचारपूर्वक कुंपण घातले होते. परका कार्यक्रम वाळूच्या हौदात खेळणाऱ्या मुलासारखा आतच राहावा, हौदाबाहेरच्या वस्तूंना त्याने हात लावू नये, अशी रचना होती. कल्पना उत्तम होती. पण हौदाची भिंत म्हणजेही माणसांनी लिहिलेला कार्यक्रमच, आणि त्यात भेगा निघत गेल्या.

वीस घरांत सव्वीस अक्षरे

ही भेग म्हणजे नेमके काय? तिचा सर्वांत जुना प्रकार वर्गात फळ्यावर घरे आखून दाखवता येतो. एका लिपिकाला अर्जातले नाव वहीत उतरवायचे आहे. नावासाठी वहीत वीस घरे आहेत. त्यांच्या लगतच्या सहा घरांत लिपिकासाठीच सूचना आहे : ‘पान ४५’. म्हणजे नाव लिहून झाले की पान ४५ वर जा आणि तेथे लिहिले आहे ते कर. लिपिक अत्यंत आज्ञाधारक आहे, पण घरे मोजत नाही. आता कोणी मुद्दाम सव्वीस अक्षरांचे ‘नाव’ लिहून पाठवले आणि त्यातली शेवटची सहा चिन्हे ‘पान ९०’ अशी ठेवली, तर ती सूचनेच्या घरांत जाऊन बसतील. लिपिक पान ९० उघडेल. आणि पान ९० वर काय लिहायचे ते अर्जदाराने त्याच अर्जातून आधीच पोचवलेले असेल.

विद्यार्थ्यांना लिपिक होऊ द्यावे. दोन-तीन फेऱ्यांतच, चूक अर्जदाराची की लिपिकाची, असा वाद निघतो आणि तो ऐकण्यासारखा असतो.

संगणकाच्या स्मृतीतही मजकूर आणि सूचना अशाच शेजारी शेजारी असतात. चित्र, गाणे, फाँट अशी कोणतीही फाईल वाचताना कार्यक्रमाने घरे मोजली नाहीत की फाईल पाठवणारा मालक होतो. फ्लॅशमध्ये अशा आणि याच कुळातल्या भेगा इतक्या निघाल्या की अडोबीला दर महिन्याला दुरुस्त्या काढाव्या लागत. फाँटही यातून सुटले नाहीत. पानाबरोबर आलेला फाँट उलगडणाऱ्या विंडोजमधल्या भागात अशी भेग असल्याचे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २००६ मध्ये जाहीर केले. त्याच भागात जुलै २००९ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१० मध्ये भेगा निघाल्या. हा भाग प्लग-इन नव्हता, खुद्द विंडोजचाच होता. तरी ज्या सोयीने आपली अक्षरे पडद्यावर आली त्या सोयीतूनच, मुद्दाम बिघडवलेला फाँट पाठवून, कोणालाही घरात शिरता येत होते.

औषध आणि दवंडी

भेग सापडणे ही निम्मीच गोष्ट. ती बुजवणारी सुधारित आवृत्ती कंपनी काढते, तेव्हा दुसरी निम्मी सुरू होते. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून ताडून पाहिली की बदल कोठे झाला ते जाणकाराला समजते, आणि त्यावरून भेग कोठे होती तेही. म्हणजे दुरुस्ती हे औषध असते आणि त्याच वेळी दवंडीही असते. ज्याने औषध घेतले नाही त्याच्यासाठी उरते ती फक्त दवंडी. जुनी आवृत्ती काल होती तशीच आज असते, तिच्यात काहीच बदललेले नसते. तरीही नवी आवृत्ती निघाली की जुनीचा धोका वाढतो. हे उलटे वाटते, पण या सगळ्या इतिहासाची गुरुकिल्ली तेथेच आहे.

याचा स्वच्छ पुरावा २०१२ मध्ये मिळाला. जावातली एक भेग ओरॅकल कंपनीने १४ फेब्रुवारीला बुजवली. (सन कंपनी २०१० मध्येच ओरॅकलकडे गेली होती.) ॲपलच्या मॅक संगणकांसाठी मात्र जावाची आवृत्ती ॲपल स्वतः काढीत असे. तिने ही दुरुस्ती दिली ३ एप्रिलला. मधले सात आठवडे साऱ्या मॅकधारकांचे दार उघडे होते, आणि ते उघडे आहे हे जगजाहीर होते. फ्लॅशबॅक नावाचा घुसखोर कार्यक्रम त्या दारातून सहा लाखांहून अधिक मॅकमध्ये शिरला. नुसते पान उघडणे पुरेसे होते, ‘होय’ दाबण्याचीही गरज नव्हती. त्याचे नाव फ्लॅशबॅक का, तर २०११ मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा फ्लॅशची नवी आवृत्ती असल्याची बतावणी करून आला होता. दुरुस्ती करा, असे सांगत चोर आला! लोकांना लागलेल्या सवयीचा असा उपयोग त्याच्याआधी आणि नंतरही अनेकांनी केला.

विंडोजच्या जगात हे काम एव्हाना धंदा झाले होते. २०१० मध्ये ब्लॅकहोल नावाचा संच रशियन भाषकांच्या चोरबाजारात भाड्याने मिळू लागला. एखाद्या भल्या संकेतस्थळात गुपचूप एक ओळ घुसडायची. त्या पानावर आलेल्या ब्राउझरला संच विचारी : जावा कोणती, फ्लॅश कोणते, पीडीएफ वाचणारा रीडर कोणता? ब्राउझर आवृत्त्यांचे आकडे प्रामाणिकपणे सांगे, कारण ही माहिती चांगल्या कामासाठीही लागत असे. मग त्या आकड्याला लागू पडणारी किल्ली निवडली जाई. बँकेचे सांकेतिक शब्द चोरणारे कार्यक्रम अशा वाटेने घराघरांत गेले. संच चालवणाऱ्याला ऑक्टोबर २०१३ च्या सुमारास रशियात अटक झाली, पण तोवर तसे दुसरे संच बाजारात होते.

याआधीची पिढी फ्लॉपीच्या विषाणूंशी लढली होती. पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९५ मध्ये क्विक हील हे विषाणूविरोधी साधन बाजारात आणले, ते याच लढाईतून. फ्लॉपीच्या विषाणूचा मार्ग डोळ्यांना दिसत असे. कोणाची फ्लॉपी, केव्हा घातली, हे सांगता येई. प्लग-इनमधून येणाऱ्याची अशी काही खूण राहत नाही. शिवाय विषाणूविरोधी साधन चोराला ओळखू शकते, पण भेग बुजवणे हे त्याचे काम नव्हे. घरी अँटिव्हायरस आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांची गल्लत नेमकी येथे होत होती.

वैजापूरचे गणित

दुरुस्ती फुकट मिळत होती, तर लोक ती घेत का नव्हते? याचे उत्तर ‘अज्ञान’ असे सरसकट देण्याची पद्धत आहे. आम्हाला ती पटत नाही. थोडे गणित करून पाहू.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला महानगरांतून सुरू झाले. तालुक्यांपर्यंत ते टेलिफोनच्या तारेवरून सावकाश आले. मोडेमवर सेकंदाला चार किलोबाइट मिळाले तर चांगला वेग समजायचा. जावाची त्या काळातली आवृत्ती सुमारे १५ एमबीची. १५ गुणिले १०२४ भागिले ४, म्हणजे ३८४० सेकंद, एक तास चार मिनिटे. तेवढा वेळ फोन अडकलेला आणि बिल चालू. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकची एकत्रित फाईल २६६ एमबीच्या आसपास होती. याच वेगाने सुमारे एकोणीस तास! आणि भारनियमनाच्या दिवसांत सलग एकोणीस तास वीज कोणाकडे होती?

२००५ मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड सुरू झाले. वेग वाढला, पण घरगुती योजनांत महिन्याला ठरावीक एमबी असत आणि त्यापुढे प्रत्येक एमबीला पैसे पडत. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ मोकळीक असे, म्हणून मंडळी गजर लावून उठत. त्या मोलाच्या तासांत कोणी जावाची दुरुस्ती उतरवून घेईल ही अपेक्षा जरा जास्तच होती.

दुसरे कारण त्या सीडीचे. सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकावर दुकानदार विनापरवाना विंडोज घालून देई आणि जाता जाता आपोआप होणारी दुरुस्ती बंद करून ठेवी. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विनापरवाना एक्सपीची पार्श्वभूमी तासातासाला काळी करणारी सुधारणा पाठवली, तेव्हा तर ‘अपडेट करू नका’ हा सल्ला तोंडोतोंडी पसरला. संरक्षणाच्या दुरुस्त्या आणि परवान्याची तपासणी एकाच दाराने येत होत्या. लोकांनी ते दारच लावून घेतले. मागचे दार तसेच उघडे राहिले.

ज्यांनी दुरुस्ती केली त्यांचीही फसगत होत होती. जावाची नवी आवृत्ती बसवली तरी जुनी कित्येकदा तशीच मागे राही. एका संगणकावर तीन-चार आवृत्त्या नांदत असत. याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ओरॅकलवर ठपका ठेवला आणि डिसेंबर २०१५ मध्ये तडजोड झाली. तेव्हा जावा ८५ कोटींहून अधिक संगणकांवर असल्याचे सांगितले गेले.

आणि काहींना जुने ठेवणे भागच होते. ई-निविदा भरायची, कंपनीची विवरणपत्रे सादर करायची, तर डिजिटल सही लागे. ती सही करण्याचे काम बरीच वर्षे जावा ॲपलेटकडे होते. जानेवारी २०१४ मध्ये जावाने नियम कडक केल्यावर संकेतस्थळांच्या मदतपत्रकांतून, आमचे नाव अपवादांच्या यादीत घाला, अशी सूचना येऊ लागली. ठेकेदार असो की पंचायतीचा संगणकचालक, चालते आहे ती आवृत्ती बदलायची नाही हा त्याचा नियम त्याच्या परीने शहाणपणाचा होता. निविदेची मुदत आज संपते, चोर येईल तेव्हा येईल. दक्षिण कोरियात तर साऱ्या देशाची बँकिंग आणि खरेदी ॲक्टिव्हएक्सवर बांधली गेली होती आणि त्यातून बाहेर पडायला त्यांना वीस वर्षे लागली.

फ्लॅश गेले तेव्हा

प्लग-इनची अखेर टप्प्याटप्प्याने झाली. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोनवर फ्लॅश का नाही ते जाहीर पत्र लिहून सांगितले. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीचे प्लग-इन बंद केले, मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने फ्लॅश वगळता बाकीचे. २५ जुलै २०१७ ला अडोबीने फ्लॅश २०२० अखेर थांबवण्याची घोषणा केली आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरमध्ये काही चालेनासे झाले. ध्वनी, चित्रफिती आणि हलत्या आकृत्या ब्राउझरला आता स्वतःच दाखवता येत होत्या.

घरच्या संगणकाचे त्यात भले झाले, पण शाळांचे नुकसानही झाले, आणि ते क्वचितच कोणी मोजले. वर्गणी जमवून घेतलेल्या ई-लर्निंग संचांत, शिक्षकांनी एकमेकांना पेन ड्राइव्हवर दिलेल्या धड्यांत फ्लॅशच्या फायली भरपूर होत्या. कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प नशीबवान ठरला. नोबेल मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पातले विजेचे, लंबकाचे, रेणूंचे आभासी प्रयोग आधी जावा आणि फ्लॅशमध्ये होते. पुढे त्यांतले बरेच प्रयोग नव्या पद्धतीने लिहून काढले गेले, आणि कित्येक मराठीतही मिळतात. पण एखाद्या शिक्षकाने सुट्टीत बसून केलेला चंद्रकलांचा फ्लॅशपट पुन्हा कोण लिहिणार?

अशा फायली चालवण्यासाठी जुना फ्लॅश प्लेयर शोधत इंटरनेटवर फिरणे हे सध्या सर्वांत वाईट. त्या नावाने जे मिळते त्यात फ्लॅशबॅकची भावंडेच अधिक. रफल नावाचे मुक्त साधन यासाठी पाहावे. ते फ्लॅशची फाईल चालवते, पण रस्ट या भाषेत लिहिलेले असल्याने ही भाषाच घरे मोजून घेते. लिपिकाला मोजपट्टी दिल्यासारखे. अजून सर्वच फायली त्यात चालत नाहीत.

किल्ली देण्याचा प्रकार मात्र संपला नाही. आता ब्राउझरला एक्स्टेन्शन जोडतात. त्यांची गंमत उलटी आहे. ती आपोआप अद्ययावत होतात, त्यामुळे जुनी होण्याचा प्रश्न कमी. पण मूळ लेखकाने एक्स्टेन्शन विकून टाकले तर नव्या मालकाचा कार्यक्रमही तितक्याच आपोआप घरात येतो. लाखो लोक वापरत असलेले ग्रेट सस्पेंडर हे एक्स्टेन्शन २०२० मध्ये असेच दुसऱ्याच्या हाती गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक भाग असल्याचे सांगून गूगलने ते बंद केले.

शाळेत किंवा घरी एखादा जुना संगणक अजून चालू असेल तर कंट्रोल पॅनेलमधली बसवलेल्या कार्यक्रमांची यादी एकदा वाचून पाहावी. जावा, फ्लॅश, शॉकवेव्ह, सिल्व्हरलाइट, क्विकटाइम ही नावे दिसली तर ती कोणत्या कामासाठी आहेत ते विचारावे, आणि कोणालाच सांगता आले नाही तर काढून टाकावीत. जावाच्या सर्व आवृत्त्या वेगवेगळ्या काढाव्या लागतात. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, तरी एज ब्राउझरमध्ये त्याच्यासाठी एक वेगळी खोली ठेवलेली आहे. जुनी कार्यालयीन संकेतस्थळे चालावीत म्हणून त्या खोलीत ॲक्टिव्हएक्स आजही चालते, आणि किमान २०२९ पर्यंत ती ठेवू असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे.